घरगुती थेट विक्रीतील नमुन्यांचा खर्च करात कसा दाखवावा

घरून सौंदर्यप्रसाधने किंवा पूरक आहार विकणाऱ्या थेट विक्रेत्याला ग्राहकांना वाटलेल्या नमुन्यांचा खर्च आयकरात मागता येतो. मात्र प्रत्येक नमुना कोणाच्या पैशाने आला आणि शेवटी कोणाच्या हाती गेला, ही नोंद वहीत असायला हवी. तारीख, वस्तू, नग, ग्राहकाचे नाव आणि खरेदीचे बिल एवढे पुरते, पण ते त्याच दिवशी लिहावे; मार्चअखेरीस आठवून लिहिलेल्या यादीवर कोणाचा विश्वास बसणार?

१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) प्रमाणे केवळ धंद्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण कसोटी तीच आहे; पुढे दिलेले आयकराचे क्रमांक जुन्या, १९६१ च्या कायद्याचे आहेत.

समजा, क्रीमच्या २० डब्या प्रत्येकी ३०० रुपयांना घेतल्या. त्यांतील १२ डब्या छापील किमतीला, म्हणजे ४०० रुपयांना विकल्या, ३ नमुना म्हणून दिल्या, २ घरी वापरल्या आणि ३ शिल्लक राहिल्या. खरेदी ६,००० रुपयांची. त्यातून घरी वापरलेल्यांचे ६०० रुपये ‘उचल’ म्हणून आणि अखेरच्या मालसाठ्याचे ९०० रुपये वगळले की ४,५०० रुपये उरतात, आणि नमुन्यांचे ९०० रुपये त्यातच आलेले असतात. विक्री ४,८०० रुपये, म्हणून नफा ३०० रुपये. नमुन्यांचा खर्च जाहिरात खात्यात वेगळा दाखवायचा असेल, तर तेवढीच रक्कम खरेदीतून कमी केलीच पाहिजे, नाहीतर एकच खर्च दोनदा वजा होतो. बारावीला पुस्तपालन शिकलेल्यांना हे समायोजन ओळखीचे वाटेल. नमुन्याची किंमत नेहमी खरेदीदराने धरावी, छापील किमतीने नव्हे. ग्राहकांना लावून दाखवण्यासाठी उघडलेली डबी विकता येत नसल्याने तीही नमुन्यांतच धरावी.

कलम ४४एडीखाली, म्हणजे प्रत्यक्ष खर्च न मांडता, उलाढालीच्या ८ टक्के (बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा दाखवणाऱ्यांना नमुन्यांची वेगळी वजावट मिळत नाही, कारण सर्व खर्च त्यात धरलेला असतो. शिवाय ज्यांना कंपनीकडून कमिशन मिळते, त्यांना हे कलम वापरताच येत नाही. विक्रीवरील नफा आणि कमिशन दोन्ही मिळवणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही, म्हणून विवरणपत्र भरण्याआधी आपल्या उत्पन्नाचे स्वरूप नीट तपासावे.

कंपनीने फुकट दिलेल्या नमुन्यांचा विचार वेगळा करावा लागतो. अशा लाभांचे मूल्य वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक झाल्यास १ जुलै २०२२ पासून कंपनीला कलम १९४आर नुसार १० टक्के कर कापावा लागतो, आणि आयकर खात्याच्या १६ जून २०२२ च्या परिपत्रकात फुकट नमुन्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही मर्यादा फक्त करकपातीची आहे. त्याखालचा लाभ करमुक्त होतो असा तिचा अर्थ नाही. उत्पन्नात धरलेले हे नमुने पुढे खरोखरच ग्राहकांना वाटले असतील, तर तेवढीच रक्कम खर्चातही दाखवावी, असे माझे मत आहे. कंपनीने काय कळवले आहे ते फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या वार्षिक विवरणात, दिसते.

जीएसटी नोंदणी असल्यास फुकट वाटलेल्या नमुन्यांवरील इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार मिळत नाही. आधी घेतले असेल तर ते परत करावे लागते. असा न मिळालेला कर नमुन्याच्या खर्चात मिळवावा. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांना नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपये आहे, पण कमिशन ही सेवा असल्याने ते मिळवणाऱ्यांना २० लाखांची मर्यादा लागते. ‘एकावर एक फुकट’ योजनेतील दुसरी वस्तू मात्र नमुना ठरत नाही. एकाच किमतीत दोन वस्तू विकल्या असे मानले जात असल्याने तिच्यावरील क्रेडिट कायम राहते, म्हणून अशा वस्तू नमुन्यांच्या यादीत लिहू नयेत.