बहुघटक प्रयोगांचा आराखडा : या चुका टाळा

बहुघटक प्रयोगात, म्हणजे अनेक घटक एकत्र तपासणाऱ्या प्रयोगात, सर्व उपचार (घटकांच्या पातळ्यांच्या जोडण्या) न मावणाऱ्या लहान गटांत प्लॉट विभागले की काही परिणाम गटागटांतल्या फरकात मिसळणारच. कोणते मिसळू द्यायचे एवढेच आपल्या हाती असते आणि नेमकी तिथेच सर्वांत महागडी चूक होते. सर्वांत जास्त घटकांच्या आंतरक्रियांचे (घटकांच्या एकमेकांवर अवलंबून असलेल्या परिणामांचे) मोल सर्वांत कमी, म्हणून त्याच सोडाव्यात (गटांच्या फरकात मिसळू द्याव्यात), असे नवखे संशोधक पाठ करून येतात आणि पुढचे पान वाचत नाहीत.

एका संशोधन केंद्रावर कांद्याचा असा प्रयोग मी पाहिला आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि लागवडीचे अंतर हे चार घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणजे १६ उपचार, चार-चार प्लॉटांच्या चार गटांत. आराखडा करणाऱ्याने 'नसपअ' आणि 'नसप' (घटकांची आद्याक्षरे) या आंतरक्रिया सोडल्या. परंतु दोन सोडल्या की त्यांचा गुणाकारही सुटतो, आणि प्रत्येक अक्षराचा वर्ग एक धरायचा असल्याने तो गुणाकार निव्वळ 'अ' येतो. परिणामी प्रत्येक गटातील चारही प्लॉटांत अंतर एकच होते. काढणीनंतर १५ सेंटिमीटरवरचा कांदा सरस दिसला, तेव्हा तो अंतरामुळे की ते दोन्ही गट पाटालगत असल्यामुळे, हे सांगणे कोणत्याही विश्लेषणाला शक्य नव्हते. अख्खा रब्बी हंगाम वाया गेला.

सॉफ्टवेअरने आराखडा दिला तरी मी हा गुणाकार कागदावर करतो. 'नसप' आणि 'सपअ' सोडल्यास 'नअ' सुटते. गट चारचेच असतील आणि मुख्य परिणाम (एकेका घटकाचे परिणाम) वाचवायचे असतील, तर एक तरी दुहेरी आंतरक्रिया गमवावीच लागते. ती कोणती, हे पीक जाणणाऱ्याने ठरवावे, आणि दुसऱ्या पुनरावृत्तीत वेगळी निवडावी.

लॅटिन चौरसात प्रत्येक अक्षर प्रत्येक ओळीत आणि स्तंभात एकदाच येते; दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच आली, तर ते परस्पर लंब. चार ओळींचे असे चौरस करताना चारच्या बाकीचे अंकगणित (चारने भागून उरणारी बाकीच धरणे) वापरू नये. तिथे दोनला व्यस्त (गुणल्यावर एक येईल अशी संख्या) नाही, त्यामुळे दोनने गुणून मांडलेल्या चौरसात एकाच ओळीत अक्षरे पुन्हा येतात. चार घटकांचे सांत क्षेत्र (शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त असणारी मर्यादित संख्याप्रणाली) घ्यावे. सहाच्या चौरसांची लंब जोडी शोधत बसू नये, ती नाही. दहाची मात्र आहे, हे गणितज्ञ बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये दाखवले.

बीजगणिताने दिलेल्या क्रमानेच लागवड करणे ही घाई मला मुळीच मान्य नाही. गटांचा क्रम आणि गटातील प्लॉटांचा क्रम, दोन्हींसाठी स्वतंत्र चिठ्ठ्या काढाव्यात, त्यांची नोंद प्रक्षेत्र वहीत करावी आणि निघालेली मांडणी डोळ्यांना खटकली म्हणून चिठ्ठ्या पुन्हा काढू नयेत.