नवं कॅलेंडर बनवताना ‘एक्सएमएल पार्स एरर’ आली तर

कॅलडाव्हवर (सर्व्हरवरची कॅलेंडरं हाताळायचा प्रोटोकॉल) एमकेकॅलेंडर, म्हणजे नवं कॅलेंडर बनवायची, विनंती पाठवली की कधीकधी विनंतीतलं एक्सएमएल वाचता आलं नाही म्हणून सर्व्हर 400 (‘विनंती चुकीची’) देऊन मोकळा होतो. कोड तोच, काल चाललेला. अशा वेळी आधी कॅलेंडरचं नाव बघा. ‘सुट्ट्या’ चालतं, ‘सुट्ट्या & सण’ अडकतं, कारण एक्सएमएलमध्ये सुटा & चालत नाही.

1. नावातल्या & च्या जागी &#38; आणि < च्या जागी &#60; लिहा. त्याहून बरं म्हणजे मजकूर जोडून जोडून एक्सएमएल बनवूच नका. लायब्ररीला बनवू द्या.
2. एक्सएमएलची घोषणा (‘?xml’ वाली पहिली ओळ) असेल तर तिच्या आधी रिकामी ओळच काय, एक स्पेसही नको.
3. टॅगला उपसर्ग लावले असतील तर प्रत्येकाची नेमस्पेस (तो उपसर्ग कुठल्या शब्दसंचाचा, ते सांगणारं नाव) जाहीर केलेली हवी. नमुना कुठून उचलला असेल तर हेच हमखास राहून जातं.
4. मराठी नाव यूटीएफ-8 मध्येच पाठवा.

तरीही अडलं तर पाठवलेला मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवून एक्सएमएललिंटला (एक्सएमएल तपासणारा प्रोग्राम) द्या. ओळ क्रमांकासकट चूक दाखवतो.

एक गोष्ट मात्र तपासाच: एरर सर्व्हरची आहे की आपल्याच कोडची? 201 (‘तयार झालं’) आलं असेल तर कॅलेंडर बनलेलं असतं. उत्तर रिकामं असू शकतं, आणि ते रिकामं उत्तर वाचायला जाऊन आपलाच पार्सर (एक्सएमएल वाचणारा कोड) कोसळतो.

जपून: लायब्ररी वापरत असाल तर &#38; हाताने घालू नका, नावात तेच दिसेल.