कापड किती पोकळ होणार, हे विणायच्या आधीच काढा

मागच्या सीझनला शिरोळकडचा एक गुऱ्हाळवाला रस गाळायला कापड मागत आला आणि पहिलाच प्रश्न, यातनं बारीक चोथा खाली उतरणार नाही न्हवं? लूमवर काढून बघू म्हणालो असतो तर बीम (उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ) आणि चार दिवस गेले असते, म्हणून कागद घेतला. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या प्रत्येकाला हा हिशोब यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

लागतं काय, तर वार्प-वेफ्टचे म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचे काऊंट (बारीकपणाचा नंबर, मोठा तितका धागा बारीक) आणि इंचातले एंड म्हणजे उभे धागे आणि पीक म्हणजे आडवे धागे, बास. आधी धाग्याची जाडी काढा. काऊंटचं वर्गमूळ घ्या, २८ नं गुणा आणि १ ला त्यानं भागा, उत्तर इंचात. सुती धाग्याचं हे सूत्र कापडावर संशोधन करणाऱ्या पिअर्सचं, त्यानं १९३७ साली कापडाची भूमिती मांडली.

आता ६० बाय ६० काऊंट, ९२ एंड बाय ८८ पीकचं केंब्रिक (पातळ सुती कापड) घ्या. जाडी येते ०.००४६ इंच. ९२ नं गुणलं की ०.४२, म्हणजे उभ्या धाग्यांनी ४२ टक्के जागा झाकली, आडव्यांनी ४१. उरलेलं ०.५८ आणि ०.५९ एकमेकांना गुणा, ३४ टक्के जागा उघडी. तेच ४० बाय ४०, १३२ बाय ७२ चं पॉपलीन (दाट विणीचं कापड) केलं तर फक्त १५ टक्के!

भोकाचं माप पाहिजे असलं तर २५.४ ला एंडनं भागून त्यातनं मिलिमीटरमधली जाडी वजा करा, मग पीकचं तसंच, केंब्रिकचं भोक साधारण ०.१६ बाय ०.१७ मिमी येतं.

इथं बरेच जण घोळ करतात, कारण उघडी जागा वेगळी आणि एकूण पोकळपणा वेगळा. त्या पॉपलीनचं जीएसएम (चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) १२५ आणि कापडाची जाडी ०.२९ मिमी धरली तर जीएसएमला जाडीनं भागून ४३१, तो कापसाच्या घनतेनं, म्हणजे घनमीटरला १५२० किलोनं भागला की ०.२८, म्हणजे ७२ टक्के हवाच आहे त्यात. कारण धागाही आतनं भरीव नसतो, पिअर्सच्या हिशोबात सुती धाग्यातच ४० टक्के हवा असते. ऊब किंवा घाम शोषणं बघायचं असलं तर हा दुसरा आकडा, गाळायचं किंवा वारा जायचं असलं तर पहिला. पॉलिस्टर असलं तर १३८० घ्या, आणि जीएसएम अंदाजानं नको, तुकडा कापून काट्यावर तोला.

ट्विल-साटीनच्या विणीत धागे मोकळे राहून चपटे पसरतात आणि कॅलेंडर मारलं (रोलरखाली दाबलं) की अजूनच, तिथं गोल धाग्याचं हे गणित उघडी जागा जास्त दाखवतं, म्हणून प्लेनसाठीच (एक धागा वर, एक खाली अशा साध्या विणीसाठी) मी त्यावर बिनधास्त विसंबतो.

आणि रसात कापूस फुगतो की, कापड आटतंही, भोक आणखी बारीक होतं. म्हणून ग्रे (मागावरनं उतरलेल्या कोऱ्या) कापडाचा तुकडा आधी उकळून वाळवतो, मग पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) लावून एंड-पीक परत मोजतो, त्यावरनं भोक काढतो आणि गुऱ्हाळवाल्याला तोच आकडा सांगतो.