ठोका चुकल्याची धास्ती: निरुपद्रवी धडधडीसोबत कसं राहावं

रात्रीचे दोन. डाव्या कुशीवर वळले की छातीत मासळी उलटल्यासारखं व्हायचं, क्षणभर सगळं थबकायचं, आणि मग एक जोराचा 'धप्प'. बोटं आपोआप मनगटावर जायची. शेजारी हे गाढ झोपेत, बाहेर वॉचमनची काठी वाजतेय, आणि मी ठोके मोजतेय. सकाळी सासूबाई म्हणायच्या, "गॅस असेल, ओवा खा." कार्डिओग्राम तीनदा काढला, टूडी इको झाला, सगळं नॉर्मल. पण रात्री दोन वाजता तो नॉर्मलचा कागद कुणाच्या उपयोगी पडतो? या सगळ्यातून बाहेर यायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात जे कामी आलं, ते त्याच क्रमाने लिहितेय.

पायरी १: तपासणी नीट, पण एकदाच

धडधड निरुपद्रवी आहे हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. साधा कार्डिओग्राम हृदयाचे जेमतेम दहा सेकंद टिपतो. त्या दहा सेकंदांत ठोका चुकलाच नाही, तर पट्टीवर काय दिसणार? म्हणून डॉक्टर कधीकधी २४ तासांचा होल्टर लावतात, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरज असेल तर पोटॅशियम. लहानपणी सांधेताप येऊन गेला असेल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर ते न विचारता सांगा.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा बसल्याजागी ठोके खूप जलद होऊन थांबेनात, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी ओवा खात बसू नका. व्यायाम चालू असताना धडधड होत असेल, तर तेही डॉक्टरांना वेगळं सांगा.

पायरी २: 'चुकला' म्हणजे काय झालं ते समजून घ्या

खरं तर ठोका चुकत नाही, तो लवकर येतो. हृदयाला ताल देणारी जागा म्हणजे सायनस नोड. कधीतरी दुसऱ्याच ठिकाणची पेशी तिच्याआधी ठिणगी टाकते. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका दुबळा पडतो आणि मनगटापर्यंत पोचतही नाही. मग नेहमीपेक्षा जरा लांब विसावा. तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणक्यात पडतो. तबलजीने मात्रेआधीच हलकी थाप मारावी, एक जागा रिकामी सोडावी आणि मग सम जोरात घ्यावी, तसंच हे. आपण घाबरतो ते त्या समेला, आणि ती तर धडधाकट असते!

मिनिटाला ७० धरले तर दिवसाला लाखभर ठोके होतात. त्यातले शंभर असे आले तरी हजारात एक. बहुतेक निरोगी माणसांनाही अधूनमधून असे ठोके पडतात, पण अनेकांना ते कळतही नाहीत. डाव्या कुशीवर जास्त जाणवतात, कारण हृदयाचं टोक बरगड्यांच्या जवळ येतं.

हा त्रास आजचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशी धडधड डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवून ठेवली. त्यातल्या कित्येकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता, पण त्रास खराखुरा होता.

पायरी ३: खतपाणी कशाचं मिळतंय ते पाहा

अपुरी झोप, ताप, कमी पाणी, तंबाखू, दारू ही नेहमीची मंडळी. उपासाच्या दिवशी नुसत्या चहावर राहणं ही आपली खास सवय. सर्दीच्या काही गोळ्यांनी, दम्याच्या औषधांनी किंवा थायरॉइडची गोळी जास्त झाल्यानेही धडधड वाढते, पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पाळी जाण्याच्या वयात तर हे फार बायकांना होतं. चहाचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. दोन आठवडे सोडून पाहा, फरक नाही पडला तर खुशाल प्या.

पायरी ४: ऐन वेळी

ठोका चुकला की भीती, भीतीने अ‍ॅड्रिनालिन, अ‍ॅड्रिनालिनने आणखी ठोके. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ही साखळी तोडायला चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, पाचेक मिनिटं. श्वास रोखून धरू नका. भ्रामरी येत असेल तर उत्तम, गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. उद्देश ठोके थांबवणं हा नाही, नाहीतर दर श्वासाला 'थांबले का?' म्हणून परीक्षा सुरू होते. मनात एवढंच म्हणा: 'हा तोच, ओळखीचा.' आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. कणीक मळत असाल तर मळत राहा.

पायरी ५: पहारा उठवा

माझ्या मते खरं औषध हेच, आणि हेच सगळ्यात कडू. एक दिवस मी नाडी किती वेळा बघते ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून मोजलं. रात्रीपर्यंत ४३ रेघा! त्रेचाळीस वेळा मी स्वतःलाच सांगत होते की काहीतरी बिघडलंय. पुढच्या आठवड्यात वीसच्या आत, मग दहा, मग दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. पहिले चार दिवस हात अक्षरशः शिवशिवतात.

स्मार्टवॉच काढून ठेवा. कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर माळ्यावर टाका. मोबाइलवर लक्षणं शोधू नका. तिथे साध्या ढेकरेचाही हार्ट अटॅक होतो.

घरच्यांना विचारणं हाही पहाराच. मी यांना उठवायची, "अहो, जरा हात लावून बघा ना." बिचारे बघायचे, मला दहा मिनिटं बरं वाटायचं आणि पुन्हा पाल चुकचुकायची. शेवटी आम्ही एकच उत्तर ठरवलं: "डॉक्टर काय म्हणाले ते आठव आणि झोप." ऐकायला कोरडं वाटतं, रागही येतो. पण महिन्याभरात मी उठवणंच सोडलं.

पायरी ६: टाळलेलं पुन्हा सुरू करा

धास्तीने माणूस जिना सोडतो, गर्दी टाळतो, एकटं राहत नाही. डॉक्टरांची परवानगी घेऊन उलट जा. आधी एक मजला, आठवड्याने दोन. वर पोचल्यावर छाती धडधडेल, ती धडधडू द्या. तिथेच उभं राहून ती आपोआप उतरताना अनुभवा. चालताना ठोके गायब होतात आणि थांबल्यावर एखाददुसरा पडतो, असं बऱ्याच जणांचं होतं.

गोळीचं काय?

डॉक्टरांना वाटलं तर ते देतील. शेजारणीची प्रोप्रानोलोल (ठोके मंदावणारी गोळी) मागून घेऊ नका, दमेकऱ्यांना ती धोक्याची आहे. आणि निव्वळ ठोके दाबून टाकणं नेहमी हिताचं नसतं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर अमेरिकेत तसा प्रयोग झाला होता. ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले, आणि १९८९ मध्ये त्यातली दोन औषधं थांबवावी लागली.

हे सगळं करूनही महिना-दीड महिन्यात झोप आणि काम रुळावर येत नसेल, तर हृदयाच्या चौथ्या तपासणीऐवजी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा भीतीवर विचार-वर्तन उपचार चांगले लागू पडतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. काय सांगायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण भीती जात नाही."