पहिला लहान ट्रॅक्टर निवडताना

थोड्या जमिनीसाठी पहिलाच ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस सर्वांत आधी विचारतो तो ‘किती एचपीचा, म्हणजे किती अश्वशक्तीचा घ्यावा?’ हा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची वेळ चुकते. ट्रॅक्टर स्वतः नांगरत नाही, पेरत नाही की फवारतही नाही. ही कामे त्याच्या मागे जोडलेली अवजारे करतात आणि ट्रॅक्टर त्यांना ओढतो, उचलतो किंवा फिरवतो. म्हणून आधी अवजारे ठरवावीत आणि मग ती पेलणारा ट्रॅक्टर शोधावा. हा क्रम उलटला, की दारात आलेल्या नव्या ट्रॅक्टरला आपले अवजारच उचलत नाही, किंवा तो पिकाच्या ओळींत शिरतच नाही, असे लक्षात येते.

सुरुवात कागदापासून करावी. वर्षभरात कोणती कामे किती वेळा करायची आणि त्यांना किती तास लागतील, हे लिहून काढावे. तासांचा अंदाज बांधणे सोपे आहे. अवजाराची मीटरमधील रुंदी आणि ताशी किलोमीटरमधील वेग यांचा गुणाकार करून त्याला १० ने भागले, की एका तासात किती हेक्टर काम होईल ते कळते. त्यातून वळणे, थांबणे आणि पट्ट्यांची एकमेकांवर चढण यांत जाणारा साधारण चौथा हिस्सा वजा करावा. समजा, रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) १.२ मीटर रुंद आहे आणि वेग ताशी ३ किलोमीटर आहे, तर कागदोपत्री ताशी ०.३६ हेक्टर आणि प्रत्यक्षात सुमारे ०.२७ हेक्टर काम होईल. एक एकर म्हणजे ०.४०५ हेक्टर, तेव्हा एकराला दीड तास आणि पाच एकरांना साडेसात तास लागतील. थोडक्यात, अगदी लहान यंत्रानेही पाच एकरांची एक मशागत दिवसभरात आटोपते. काम लवकर उरकावे एवढ्याच कारणासाठी मोठा ट्रॅक्टर घेणे लहान क्षेत्रावर क्वचितच योग्य ठरते.

या यादीत दोन कामे वेगळी काढावीत. एक म्हणजे सर्वांत जड काम आणि दुसरे म्हणजे सर्वांत जास्त वेळा होणारे काम. खोल नांगरट हे बहुधा सर्वांत जड असते आणि वर्षातून एकदा, कधी तर दोन-तीन वर्षांतून एकदाच होते. त्या एका कामासाठी वर्षभर मोठे यंत्र पोसण्यापेक्षा ते काम भाड्याने करून घ्यावे आणि आपला ट्रॅक्टर आंतरमशागत, फवारणी, गवत कापणी, वाहतूक या नेहमीच्या कामांना साजेसा निवडावा, असे माझे मत आहे. बेरीज करून वर्षाला शंभर तासांचेही काम निघत नसेल, तर ट्रॅक्टर घ्यावाच का, हा प्रश्नही त्याच कागदावर स्वतःला विचारावा. पॉवर टिलर किंवा भाड्याचे यंत्र यांत कमीपणा काही नाही.

आता एचपीकडे वळू. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा इंजिनाचा असतो. अवजार फिरवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो त्यावर, म्हणजे पीटीओवर, त्यापेक्षा कमी, साधारणपणे ८० ते ९० टक्केच शक्ती मिळते. रोटाव्हेटर, स्लॅशर (गवत-झुडपे कापणारे), ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारे) अशी फिरणारी अवजारे घ्यायची असतील, तर पीटीओ एचपी विचारावी आणि अवजाराच्या पुस्तिकेतील गरजेशी ताडून पाहावी. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३५.५ वॅट आणि इंग्रजी अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४५.७ वॅट. फरक लहान आहे, पण किलोवॅटमध्ये तुलना केली की तो उरतच नाही. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा चाचणी अहवाल केव्हाही बरा. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने ट्रॅक्टरच्या चाचण्यांसाठी १९१९ साली कायदा केला, तो कंपन्यांचे दावे आणि शेतातील अनुभव जुळेनात म्हणूनच, आणि ही गरज अजूनही संपलेली नाही.

पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे हा आहे. हा वेग इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो, ते पाहावे. काही ट्रॅक्टरांत ५४०-ई अशी सोय असते. तीत इंजिन कमी वेगाने चालवूनही पीटीओ ५४० वर राहतो. फवारणीसारख्या हलक्या कामात यामुळे डिझेल वाचते आणि आवाजही कमी होतो.

एचपीइतकेच महत्त्व वजनाला आहे, आणि खरेदीच्या वेळी नेमका त्याचाच विसर पडतो. ओढण्याची ताकद इंजिनातून निघत असली, तरी ती जमिनीपर्यंत पोहोचते चाकांवरच्या वजनातून. मोकळ्या मातीत चाक स्वतःवरील वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ क्वचितच देते. त्यापुढे ते जागीच घसरू लागते. थोडी घसरण चांगली असते. मशागतीत ८ ते १५ टक्के घसरण योग्य मानतात. त्याहून कमी असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे आणि जास्त असेल तर टायर आणि डिझेल दोन्ही वाया जातात. ही घसरण मोजायला उपकरण लागत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करावी, अवजार उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजावे आणि मग अवजार जमिनीत घालून त्याच दहा फेऱ्यांचे अंतर पुन्हा मोजावे. पहिले अंतर ३० मीटर आणि दुसरे २६ मीटर भरले, तर घसरण सुमारे १३ टक्के झाली.

जास्त वजनाला दुसरी बाजूही आहे. ओल्या जमिनीवरून जड यंत्र गेले की खालची माती दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि मुळे खाली जात नाहीत. त्यामुळे मुळातच जड असलेल्या ट्रॅक्टरपेक्षा हलका ट्रॅक्टर घेऊन गरजेपुरती लोखंडी वजने लावावीत किंवा टायरमध्ये पाणी भरावे, आणि काम झाले की वजने उतरवून ठेवावीत, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजार वर घेणाऱ्या यंत्रणेची, उचल हाही असाच फसवा आकडा आहे. कंपनी जी क्षमता सांगते, ती अवजार जोडण्याच्या खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते, की टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेली असते, हे आवर्जून विचारावे. कारण अवजाराचे वजन टोकाशी नसते, मागे असते, आणि मागे गेल्यावर उचल बरीच घटते. शिवाय हायड्रॉलिकने अवजार उचलले म्हणजे ट्रॅक्टरने ते पेलले असे होत नाही. मागे ओझे लटकले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. अवजार उचललेले असताना ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. तेवढा राहत नसेल तर पुढे वजने लावण्याची सोय आहे का, ते पाहावे.

अवजार तीन ठिकाणी जोडण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, ती हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे ती लोकांपर्यंत पोहोचली. तिच्या मापांना कॅटेगरी म्हणतात. अगदी छोट्या ट्रॅक्टरना कॅटेगरी ० असते, तर २० ते ४५ एचपीच्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी कॅटेगरी १ आढळते आणि तिच्या खालच्या पिना २२ मिलिमीटर जाडीच्या असतात. निवडीला वाव असेल तेथे कॅटेगरी १ घ्यावी. या मापाची नवी-जुनी अवजारे सहज मिळतात आणि शेजाऱ्याचे अवजार मागून आणले तरी जुळते. नांगर किंवा कल्टिव्हेटर चालवायचा असेल, तर ड्राफ्ट कंट्रोल आहे ना, याची खात्री करावी. जमीन कडक लागली की ते अवजार आपोआप थोडे वर घेते आणि इंजिनावरचा ताण कमी करते.

यानंतर टेप घेऊन शेतात जावे. पिकाच्या किंवा झाडांच्या दोन ओळींमधील मोकळी जागा, पीक भरात असताना आणि फांद्या पसरलेल्या असताना, मोजावी आणि ट्रॅक्टरची रुंदी मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत धरावी. दोन्ही बाजूंना निदान वीतभर मोकळी जागा राहायला हवी. मागच्या चाकांमधील अंतर कमी-जास्त करता येते का, आणि उभ्या पिकावरून जायचे असेल तर पोटाखालची उंची किती आहे, हेही पाहावे. रोटाव्हेटरची रुंदी निदान मागच्या चाकांच्या बाहेरील रुंदीएवढी असावी, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. बांधाजवळ वळायला किती जागा लागेल, हे एकट्या ट्रॅक्टरवरून ठरवू नये. मागे अवजार जोडून वळून पाहावे.

गिअरपेटीबाबत आवडीनिवडीला थोडा वाव आहे. साधे गिअर स्वस्त, टिकाऊ आणि कोणत्याही मेकॅनिकला कळणारे असतात. पुढे-मागे सतत करावे लागत असेल तर शटल गिअर हाताला मोठा आराम देतो. आणि हायड्रोस्टॅटिक पद्धतीत पायाच्या दाबावर वेग बदलत असल्याने नवशिक्याला ती चटकन जमते, मात्र तिच्यात थोडी शक्ती वाया जाते आणि दुरुस्ती महाग पडते. गवत कापणी आणि लोडरचे काम जास्त असेल तर ती घ्यावी. ओढण्याचे काम जास्त असेल तर साधे गिअर बरे. लावणीसारख्या कामासाठी अगदी मंद गिअर लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

क्लचबाबत मात्र तडजोड करू नये. एकेरी क्लचमध्ये ट्रॅक्टर थांबवला की पीटीओही थांबतो आणि दाट गवतात अडकलेल्या अवजाराला मोकळे व्हायला वेळ मिळत नाही. याउलट, स्लॅशरसारखे जड फिरते अवजार असेल तर क्लच दाबल्यावरही त्याचा जोर उलट दिशेने येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो; कुंपणापाशी उभे असताना हे कळणे फार उशिराचे असते. दुहेरी किंवा स्वतंत्र क्लचवाला ट्रॅक्टर घ्यावा, आणि जुना एकेरी क्लचचाच मिळत असेल तर पीटीओवर एकाच दिशेने फिरणारे कपलिंग बसवून घ्यावे.

चारही चाकांना शक्ती देणारा ट्रॅक्टर उतारावर, ओल्या जमिनीत आणि लोडर लावल्यावर खरोखर उपयोगी पडतो. सपाट, कोरड्या आणि हलक्या जमिनीत त्याच्यावाचून अडत नाही. त्याची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. म्हणून कडक रस्त्यावर ही जोडणी बंद ठेवावी आणि टायर बदलताना कंपनीने सांगितलेलेच माप घालावे. टायरच्या नक्षीचे म्हणाल, तर शेतात उंच दातांचे आणि हिरवळीवर सपाट नक्षीचे, एवढे पुरे.

सुरक्षेच्या दोन गोष्टी नसतील तर ट्रॅक्टर कितीही चांगला असला तरी तो सोडून द्यावा. पहिली, चालकाच्या मागची किंवा भोवतालची संरक्षक कमान आणि तिच्यासोबत सीटबेल्ट. ट्रॅक्टरवरील मृत्यूंचे एक प्रमुख कारण ट्रॅक्टर उलटणे हेच आहे आणि बेल्टशिवाय कमानीचा उपयोग अर्धाच राहतो. बागेत फांद्या अडत असतील तर दुमडणारी कमान घ्यावी, पण बाहेर पडताच ती पुन्हा उभी करावी आणि दुमडलेली असताना बेल्ट लावू नये. दुसरी, पीटीओ आणि त्याच्या शाफ्टवरची शाबूत झाकणे. ५४० चा वेग म्हणजे सेकंदाला ९ फेरे. सैल बाही अडकली तर हात मागे घ्यायला सवडच मिळत नाही. ओढण्याची साखळी किंवा ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती वर, टॉप लिंकच्या (अवजार जोडण्याच्या तीन दांड्यांपैकी वरच्या दांड्याच्या) जागी अडकवली तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो.

जुना ट्रॅक्टर पाहायला जाताना इंजिन थंड असताना पोहोचता येईल असे बघावे; विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवले असेल, तर त्यालाही कारण असू शकते. सुरू झाल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर आत पाणी जात असल्याचा किंवा डिझेल नीट जळत नसल्याचा संशय घ्यावा. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधट दिसले तर पुढे बोलणेच नको. अवजार उचलून, इंजिन बंद करून, दहा मिनिटे थांबावे. ते झपाट्याने खाली आले तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. तासांचे मीटर बदलता येते, पण झिजलेले क्लचचे पेडल, सीट आणि खालच्या दांड्यांची गोल टोके सहसा खरे सांगतात.

नवा असो वा जुना, जवळपास त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती मिळते का, हे आधी तपासावे. फिल्टर, क्लच प्लेट आणि पाण्याचा पंप या तीन वस्तू किती दिवसांत मिळतील, असे थेट विचारावे. उत्तर गोलमोल आले तर हंगामात यंत्र बंद पडल्यावरही उत्तर तसेच येईल. आणि चाचणी दुकानापुढच्या रस्त्यावर घेऊ नये. आपल्या जमिनीच्या सर्वांत कडक तुकड्यात, आपल्याच अवजारासह, निदान तासभर चालवावे. ब्रेक आणि क्लचपर्यंत पाय नीट पोहोचतात का, मागे वळून अवजार दिसते का, चढाला गिअर न बदलता ट्रॅक्टर निघतो का, हे त्या तासातच कळते.

नवा घरी आल्यावर पहिले ५० तास त्याला ना पूर्ण ताणावर चालवावे, ना उगाच चालू ठेवून उभे करावे. हे तास पूर्ण झाले की पुस्तिकेनुसार इंजिनाचे पहिले ऑइल आणि फिल्टर बदलावेत, आणि चाकांचे नट त्याआधी, पहिल्या दिवसाच्या कामानंतरच, पुन्हा आवळून घ्यावेत. नव्या चाकांचे नट सुरुवातीला हमखास सैल होतात.