पायपीएसएत सौरनिर्मिती साडेपाच तास आधी दिसतेय? माझा अनुभव

इंदूरच्या आमच्या सोसायटीचं सोलर-बॅटरी नियोजन पायपीएसएत (वीजयंत्रणेचं गणित मांडणारी पायथन लायब्ररी) करत होतो. निर्मितीचा कळस सकाळी सातला, मध्यरात्रीनंतर ऊन! पॅनलची दिशा बदलली, अक्षांश तपासले, काही फरक नाही. डोकं उठलं.

शेवटी कारण सापडलं: हवामानाची फाइल यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) होती, वीजवापर भारतीय वेळेत. उपाय पांडाज या पायथन लायब्ररीत: आधी टीझेड_लोकलाइझ 'यूटीसी' (वेळा यूटीसीतल्या आहेत हे सांगणं), मग टीझेड_कन्व्हर्ट 'एशिया/कोलकाता' (त्या भारतीय वेळेत बदलणं). आता वेळा 5:30, 6:30 अशा येतात, वापराच्या तासांशी जुळत नाहीत आणि रकाने रिकामे राहतात. म्हणून 30 मिनिटांवर रिसॅम्पल (दर अर्ध्या तासाची ओळ), इंटरपोलेट (मधल्या किमती अंदाजाने भरणं), मग फक्त :00 च्या ओळी ठेवा. टीझेड_लोकलाइझ(नन) करून, म्हणजे वेळेवरचं टाइमझोनचं लेबल काढूनच, सेट_स्नॅपशॉट्सने त्या वेळा पायपीएसएला द्या.

पडताळा जरूर घ्या: इंदूर 75.86 रेखांशावर, प्रमाणवेळ 82.5 ची, कळस साडेबाराच्या आसपास यायला हवा. आला.