लूप सुधारला, पण पैसे किती वाचले?

इन्स्ट्रुमेंटेशन शिकून प्लांटमध्ये आलात की पीआयडी ट्यूनिंग, म्हणजे तापमान किंवा लेव्हल ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या कंट्रोल लूपची जुळणी, हळूहळू हाताला बसतं. त्यातून किती रुपये सुटले हे अकाउंट्सला पटवणं मात्र कुणी शिकवत नाही. मला हे गणित दूध भुकटीच्या स्प्रे ड्रायरवर (दुधाचे थेंब गरम हवेत सुकवणाऱ्या यंत्रावर) उमगलं, म्हणून तेच उदाहरण घेतो.

स्किम्ड दूध भुकटीत ओलावा जास्तीत जास्त 5 टक्के चालतो. त्यातलं पाणीही भुकटीच्याच भावाने विकलं जातं, त्यामुळे 5 च्या जितकं जवळ जाल तितका फायदा. पण ओलावा सतत वरखाली होत असेल तर ऑपरेटर लांबच राहणार. समजा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप, 0.4 आहे. त्याच्या दुप्पट जागा सोडून तो सरासरी 4.2 वर ठेवतो. आउटलेट हवेच्या तापमानाचा लूप सुधारून डेव्हिएशन 0.2 वर आणलं, तर तेवढ्याच जोखमीत 4.6 गाठता येतं. रोजची 20 टन भुकटी धरली तर तेवढ्याच दुधातून सुमारे 84 किलो जास्त माल निघतो. किलोला 250 रुपये धरा, दिवसाला 21 हजार झाले. वाफ वाचते ती वेगळी.

मेख इथेच आहे. डेव्हिएशन नुसतं कमी होऊन दमडीही मिळत नाही. सेटपॉइंट, म्हणजे लूपला दिलेलं लक्ष्य, हलवला तरच मिळते. आणि तो हलवायचा ऑपरेटरने. ‘साहेब, लॉट नापास झाला तर?’ हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. 5 च्या खाली थेंबाथेंबाने नुकसान होतं, वर गेलं की अख्खा लॉट अडकतो. ती किंमतही हिशेबात धरा, नाहीतर तुमचा आकडा फुगलेला.

1989 मध्ये मांडलेला हॅरिस निर्देशांक तुम्हाला भेटेलच. रोजच्या डेटावरून लूप त्याच्या किमान शक्य चढउतारापासून किती दूर आहे, हे तो सांगतो. रुपये सांगत नाही. एखाद्या टाकीच्या लेव्हलचा निर्देशांक वाईट असला तरी बिघडत नाही. टाकी असतेच चढउतार पोटात घ्यायला. शिवाय हिस्टोरियन (प्लांटच्या नोंदी साठवणारी संगणक प्रणाली) डेटा दाबून साठवत असेल तर खरे चढउतार त्यात उरतच नाहीत. आधी कॉम्प्रेशन बंद करून घ्या.

तुलनेचा ‘आधीचा’ काळ काम सुरू होण्यापूर्वीच ठरवा, आणि त्यावर प्रॉडक्शनच्या साहेबांची सही घ्या. नंतर प्रत्येकाला आपापला सर्वात चांगला महिना आठवतो.